लेकीची हळद

"घरच्या कार्यात चोरासारखी मागं मागं का राहती ही?" सून स्नेहलवर आक्काताईंचं तोंड उन्हाळाभर सुटलेलं होतं. शिरोळला भाचीच्या डोहाळजेवणात बायका ओटी भरायला जमल्या, तर ही आत कणीक मळत बसली. कबनूरला बारशाला गेले, तर पाळण्यापाशी यायचं सोडून ही दारात चपला राखत होती. जोतिबाला सगळं घर गुलालात न्हालं, हिच्या कपाळाला मात्र बोट लागलं नाही.

आज तर हद्दच झाली. हिच्या स्वतःच्या लेकीची हळद. लेक पाटावर "आई कुठाय?" म्हणून अडून बसलेली, आणि ही मागं चुलीपाशी भजी तळत होती. आक्काताई हळदीची वाटी घेऊन तरातरा आत गेल्या.

"अगं, लेक तुझी का शेजारणीची?"

स्नेहलनं झारा खाली ठेवला. "आत्ती, ह्यांच्या बाराव्याला तुम्हीच म्हणालासा की, आता शुभकार्यात पुढं यायचं न्हाय. सात वर्सं झाली. मी एकदाबी मोडलं न्हाय."

तरण्या लेकाच्या दुःखात आपण कुणाला काय बोललो, आक्काताईंना त्यातलं काहीच आठवत नव्हतं. सुनेचा पिठानं भरलेला हात ओढून त्यांनी वाटीत बुडवला आणि बाहेर मांडवापर्यंत ऐकू जाईल एवढ्यानं ओरडल्या,

"मी तर अडाणी, दुसरीतनं शाळा सुटली माझी. तू पंधरावी शिकलीस न्हवं? मग माझं ऐकलंस कशाला गं?"