शेवटचा नमुना

टिपकागद उचलला आणि संग्रहालयातल्या मदतनीस बाई बघतच राहिल्या. नमुना म्हणून वाळवायला आठ महिने वजनाखाली दाबून ठेवलेल्या झाडाला कोंब फुटला होता. चांगला बोटभर, पांढुरका, कागदाच्या कडेकडे वळलेला.

चूक त्यांचीच. असली जाड, पाणीदार पानांची झाडं भलती चिवट. दाबण्याआधी ती उकळत्या पाण्यातून काढावी लागतात, नाहीतर कागदातही जगत राहतात. त्या दिवशी घाईत ते राहूनच गेलं. पण चूक असावी तर अशी! हे झाड एकाच टेकडीवर उगवायचं, आणि ती टेकडी खडीच्या खाणीने गिळली होती. सरांनी उचलून आणलेलं हे शेवटचं रोप. अख्ख्या जगात आता एवढंच.

बाई धावतच आत गेल्या. "सर, जिवंत आहे हो ते!"

सर, म्हणजे संग्रहालयाचे प्रमुख, उद्याच्या उद्घाटनाचं भाषण पाठ करत होते. 'आपली झाडं ओळखा' या प्रदर्शनाचे फलक भिंतींवर चढले होते. या झाडाच्या नावाखाली वीतभर अक्षरांत छापलं होतं, नामशेष.

सरांनी कोंब पाहिला. बराच वेळ पाहिला. त्यांचेही डोळे भरून आले, खोटं कशाला बोला.

"कुंडीत लावलं तर कोण बघणार याच्याकडे?" ते म्हणाले. "इतकी वर्षं टेकडीवर होतं, कुणी ढुंकून तरी पाहिलं? मेलेलं बघायला मात्र उद्या झुंबड उडेल. त्यातून आणखी चार टेकड्या वाचतील. पाणी तापवा, बाई. आणि तुमच्या कायम नेमणुकीवर उद्याच सही करून टाकतो."

अकरा वर्षं बाई त्या सहीची वाट पाहत होत्या. त्यांनी पाणी तापवलं. कोंब आधी मऊ पडला, मग पाणी हिरवट झालं.

दुसऱ्या दिवशी मुंगी शिरायला जागा नव्हती. काचेपुढे लोक हळहळत होते. एक आजोबा तिथून हलेचनात.

"साठ वर्षं त्या टेकडीच्या पायथ्याशी राहिलो," ते म्हणाले, "पण हे कधी पाहिलं नाही बुवा. कधी गेलं हो हे?"

"आठ महिने झाले. खाणीने खाल्लं," सर म्हणाले. बाईंच्या नेमणुकीचा कागद त्यांच्याच हातात होता, सही अजून व्हायची होती.

बाई पुढे झाल्या.

"काल," त्या म्हणाल्या. "संध्याकाळी सव्वापाचला."