रेंगाळणारा ड्रमर

"अंकल, तुम्ही ठेक्यात कधीच मागे पडत नव्हता," साउंड इंजिनिअर शलाका म्हणाली. व्हितोरिनो अंकलनी कानातलं मशीन नीट बसवलं.

त्यांच्या जुन्या जॅझ बँडची रेकॉर्ड ती साफ करून नव्याने काढत होती. वाद्यांच्या मागे विजेची घरघर होती, आणि एरवी कायम एकच असणारा तिचा स्वर इथे चढा होता. म्हणजे रेकॉर्ड बनवताना टेप जास्त वेगाने फिरली होती. हॉटेलात नाचणाऱ्यांना मात्र रेकॉर्डचाच वेग हवा असे. प्रत्यक्ष वाजवताना बँडला तो गाठता येईना, तेव्हा लीडरने ड्रमरवर, म्हणजे अंकलवर, रेंगाळण्याचा ठपका ठेवून त्यांना काढून टाकलं होतं.

"पुढे मी शाळेच्या कवायतीला ड्रम वाजवला," अंकल म्हणाले. "तिथे कुणी तक्रार केली नाही. लाव बघू."

तिने खऱ्या वेगातली प्रत लावली. अंकलची बोटं खुर्चीच्या हातावर ठेका देत राहिली आणि एकदाही चुकली नाहीत. त्यांची बायको स्वयंपाकघरातून दारात आली.

"आणि मी जन्मभर यांना आळशी म्हणत आले," ती म्हणाली.

"नव्या रेकॉर्डवर हीच प्रत जाईल," शलाका म्हणाली. "सोबत खरी हकीकतही छापू."

"आता ती पूर्वीची लाव."

तिने लावली. अंकलनी डोळे मिटून ती शेवटपर्यंत ऐकली.

"हकीकत छाप, बाय," ते म्हणाले. "पण वेग हाच ठेव. हा ड्रमर जास्त चांगला आहे."