चालू आठवडा

काविळीच्या रुग्णांचा आलेख एकदम खाली आलेला पाहून तहसीलदार खूश झाले. "साथ सरली! गावातला शुद्ध पाण्याचा टँकर परत आणा," त्यांनी ड्रायव्हरला फोनवर फर्मावलं.

आलेख बनवणाऱ्या हेमांगीला ते पटेना. काल तर दवाखान्यात एकही खाट रिकामी नव्हती. तिने संगणकावर आलेखाचा फिल्टर पाहिला: 'चालू आठवडा'. आज सोमवार, म्हणजे मोजले गेले ते फक्त आज सकाळचे रुग्ण!

"साहेब, चूक झाली माझी." तिने 'मागचे सात दिवस' हा पर्याय निवडला. आलेख सरसर वर चढला. तहसीलदारांचा चेहरा उतरला.

तिने ड्रायव्हरला फोन लावला. "टँकर कुठवर आला?"

"कुठला येतोय, मॅडम! बायांनी चाकांपुढं घागरी मांडल्यात. हलूच देईनात."

"भरा त्यांच्या घागरी," ती म्हणाली.