गाळातलं गवत

तलावातल्या या प्रयोगातून शहरातून आलेल्या संशोधक मॅडमना डॉक्टरेट मिळणार होती, मासे धरून जगणाऱ्या भागरथाबाईला फार तर रश्शापुरते मासे. तरी तलावातली संपत आलेली देशी मासोळी परत यावी म्हणून वर्षभर जाळं टाकायचं नाही, हे आपल्या ढिवरवस्तीला, तिथल्या मासेमारांना, भागरथाबाईनंच पटवलं.

माशांना अंडी घालायला आडोसा म्हणून मॅडमनी पाणगवत लावलं, तेही मुरमात, सरळ ओळींत. भागरथाबाई हसली. “मासोळ्या का शाळेत बसतात जी? गाळात लावा, पसरून.” मॅडमनी ते उपटून गाळात पुन्हा लावलं.

पुढच्या वर्षी परतलेल्या सात जाती मोजल्या गेल्या. शोधनिबंधावर मॅडमनी पहिलं नाव भागरथाबाईचं घातलं. “तुमचंही आहे ना खाली? मग चालते,” ती म्हणाली.

डॉक्टरेट मॅडमना मिळाली. वर्षभर माशांवाचून जेवली ती वस्तीतली साठ घरं. कुरकुर सगळ्यांनी केली, जाळं एकानंही टाकलं नाही.