वहिनींच्या पसंतीचा रंग

“आणखी गडद,” ताई म्हणाली. “कडेला अगदी काळपट होता.”

भुंग्याने स्प्रे गन खाली केली. कोरी गिटार खिडकीसमोर तारेला टांगलेली होती. आधी सगळीकडे हळदी पिवळा, त्यावर मधासारखा, आणि आता कडेकडेने तपकिरी धुकं. मध्ये ऊन, भोवती संध्याकाळ. दुकानात याला सनबर्स्ट म्हणतात. ताईची आई ‘मावळती’ म्हणायची.

“एकदा गडद बसला की उतरत नाही, ताई. मीठ आणि हा रंग, दोन्ही बेतानं.”

भुंगा हे काही त्याचं नाव नव्हे. काम करताना तो ओठ मिटून गुणगुणायचा, एवढंच. त्याचा बापही गुणगुणायचा, म्हणून तो थोरला भुंगा. मास्तरांची, म्हणजे ताईच्या वडिलांची गिटार त्या थोरल्या भुंग्याने घडवली होती, मास्तरांच्या लग्नाच्या वर्षी. रंग नव्या नवरीने निवडला होता.

आता ती गिटार कोपऱ्यात चादरीत पडली होती. मान तुटलेली, पोट फुटलेलं. मास्तर डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी काकांकडे गेले होते. ते यायच्या आत घर लख्ख करावं म्हणून ताई पंखा पुसायला स्टुलावर चढली, आणि स्टुलासकट कोसळून खाली काढून ठेवलेल्या गिटारवर बसली. ताईचं वजन हा घरात काढायचा विषय नव्हता. गिटारला मात्र बोलून दाखवण्यावाचून गत्यंतर उरलं नाही.

“बाबा अजून रोज संध्याकाळी ती घेऊन गॅलरीत बसतात,” ताई म्हणाली. “आईचं आवडतं तेवढं एकच गाणं वाजवतात. आई शेजारी बसून गायची आणि दुसऱ्या ओळीला हमखास चुकायची. मग बाबाही तिच्याबरोबर चुकायचे. अजून तसंच वाजवतात. चुकीसकट.”

भुंग्याचं गुणगुणणं थांबलं.

“ते म्हणतात, ती गेली तरी तिचा हात हिच्यावर आहे. ती रोज पुसायची ना. या इथे बांगडी घासून रंग गेला होता.”

“घासतो तेवढा.”

“त्यांना कळलं, तर आई दुसऱ्यांदा गेल्यासारखं होईल, भुंगाकाका.”

“नाही कळणार.”

ताईने डोळे पुसले आणि संशयाने त्याच्याकडे पाहिलं. “तुम्ही तर जुनीकडे बघतसुद्धा नाही. रंग कसा जुळणार?”

“हात बसलाय.”

“आणि अगदी याच घडणीची तयार कशी हो निघाली?”

“या साच्याची एक असतेच टांगलेली,” भुंगा म्हणाला आणि पुन्हा गन उचलली. कडेने एक फेरी मारली. धुकं आणखी थोडं दाटलं. ताई मागे सरकली, मान तिरकी करून बघत राहिली, आणि मग काहीच बोलली नाही. बाई बोलायची थांबली, म्हणजे रंग जुळला.

त्यावर लॅकरच्या रोगणाचे हात बसले. लॅकर घाईचं ऐकत नाही. त्याला वाळायला महिना तरी द्यावा लागतो. तो मास्तरांच्या डोळ्यांनी दिला. मग भुंग्याने पाणी लावून पॉलिश पेपर घासला, कापडाने चकाकी आणली, ताईने दाखवलेल्या जागी बांगडीएवढा रंग घासून काढला, आणि ताईने गिटार घरी नेऊन खुंटीला अडकवली.

मास्तर आले. चहा झाला. संध्याकाळ कलली तसे ते उठले आणि खुंटीपाशी गेले. ताई स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होती. हातातलं पातेलं कधीचं स्वच्छ झालं होतं, तरी ती पुसतच होती.

मास्तरांनी गिटार लांब धरली, जवळ धरली. “काय गं, हिचा रंग एवढा उजळ होता?”

“मोतीबिंदू काढल्यावर सगळंच उजळ दिसतं, बाबा. डॉक्टर म्हणाले ना.”

“खरंच की.” मास्तरांनी तिच्याकडे नीट निरखून पाहिलं. “तूही बरीच पिकलीस गं.”

ते गॅलरीत जाऊन बसले. पहिली ओळ वाजली. दुसरी ओळ आली आणि जिथे चुकायची तिथेच चुकली. ताईने पातेलं खाली ठेवलं आणि पदराने तोंड दाबून मनसोक्त रडून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर काठी टेकत भुंग्याच्या दारात हजर.

“रंग झकास साधलास.”

“कसला रंग?”

“अरे, डोळे गेले होते माझे, नाक नव्हतं गेलं. सबंध घरात लॅकर घमघमतंय.” मास्तर बाकावर टेकले. “पोरीला वाटतंय, मला पत्ता नाही. वाटू दे. तू तोंड उघडू नकोस.”

“मी कधी उघडलंय?”

“तेही खरंच. जिन्यावरून माझ्या हातून गिटार पडली, तेव्हाही तूच तारलंस. तुझी वहिनी माहेराहून यायच्या आत दुसरी खुंटीला.” मास्तर मिशीत हसले. “आणि बिचारी ती दुसरीच जन्मभर पुसत बसली, लग्नातली म्हणून. आता पोरगी तिसरीवर आणून बसवते मला. मी मात्र दोघींना पुरून उरलो.” त्यांनी काठी बाकाला टेकवून ठेवली. “भोळी होती रे फार. गेली, तरी शेवटपर्यंत तिला काही कळलं नाही.”

भुंगा स्प्रे गनचं तोंड पुसत राहिला. वहिनींना दिलेला शब्द त्याने आजवर पाळला होता. पण भोळी म्हटलेलं वहिनींना खपलं नसतं.

“मास्तर,” तो म्हणाला, “तुमच्या हातून पडली ती माझ्याच हातची होती. बापाने केलेली वहिनींच्या हातून फुटून तेव्हा वर्ष होऊन गेलं होतं.”