कासव

कवच घामानं ओलंचिंब होतं, आणि ते घातलेलं पोरगं ठणठणीत कोरडं.

नरेलचा हात लॉकीच्या पाठीवर तसाच थांबला. सकाळपासून ती डोंगराच्या पायथ्याशी तंबूत उभी राहून एकेका स्पर्धकाच्या पाठीवर बोटांच्या पेरांनी टकटक करत होती. आतून कवचाचा टणक आवाज आला की, जा बाबा, चढ ट्रकवर. उतारावरच्या सायकल शर्यतीत पाठीचं कवच नसेल तर वर सोडायचं नाही, असा क्लबचा नियम होता, आणि तपासायचं काम नरेलनं स्वतः मागून घेतलं होतं. आता तिनं लॉकीला जर्सी वर करायला लावली. कवच कुणाचं ते पाहिल्याबरोबर तिला कळलं. त्याचा तुटलेला पट्टा तिनंच मासे धरायच्या गळाच्या दोरीनं शिवून दिला होता. ते तिच्या पोराचं, ब्रोडीचं होतं. ब्रोडी तर सगळ्यांत आधी टकटक करून घेऊन केव्हाच वर गेला होता.

तिनं विचारल्यावर लॉकीनं फारसे आढेवेढे घेतले नाहीत. ब्रोडीनं तंबूमागं कवच काढून जेडला दिलं, जेडनं पुढं लॉकीला. जेडही वर पोचला होता. लॉकीला यात लाजण्यासारखं काही वाटत नव्हतं. उलट, ही बाई एवढी का लालबुंद झालीय, याचंच त्याला नवल वाटत होतं.

"अगं नरेल, सगळेच करतात," तो म्हणाला. "कवच घालून वर गेलं की पोरं म्हणतात, आलं बघा कासव. पडायचं ठरवूनच आलास काय रे? कोण ऐकून घेणार?"

नरेलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रात्रभर पाऊस झाला होता. वरच्या खडकांवर शेवाळ चढलेलं, आणि तिथूनच ही पोरं नुसत्या पातळ जर्सीवर खाली झेपावणार होती. कशासाठी, तर कुणी कासव म्हणू नये म्हणून. आणि आपण इथं शहाण्यासारखे टकटक करत बसलोय. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय. तपासणी वर, सुटण्याच्या जागी ठेवा, असं ती क्लबच्या बैठकीत कानीकपाळी ओरडली होती. तेव्हा वर वारा फार लागतो, चहाची सोय नाही, असली कारणं सांगून सगळ्यांनी तिला गप्प केलं होतं. आणि ती झालीही होती गप्प. त्याचाच राग तिला सगळ्यांत जास्त आला.

तिनं वॉकीटॉकी उचलला. वर स्पर्धकांना सोडायला मर्व उभा होता, क्लबातला सगळ्यांत जुना माणूस. तिनं त्याला शर्यत थांबवायला सांगितलं आणि का तेही सांगितलं. मर्व आवाज खाली करून समजुतीच्या सुरात बोलू लागला. ब्रोडी आज जिंकतोय हे सगळ्या टास्मानियाला दिसतंय, जिंकला की देशाच्या संघात त्याची निवड पक्की, हे का आता तिला सांगायला हवं? वर एक जास्तीचं कवच पडलेलं आहे, ते तो ब्रोडीच्या अंगावर चढवेल. कुणाला कळणारही नाही. जेडला तेवढा जाऊ दे, एवढ्यात त्याचीच पाळी आहे. बाकीचं शर्यतीनंतर बघता येईल.

नरेलच्या ओठांवर 'बरं' हा शब्द आला होता. खोटं कशाला बोला, आलाच होता. पोर सुखरूप राहणार, शर्यतही हातची जाणार नाही, आणखी काय हवं असतं आईला? समोर खाण्याच्या टपरीवर जेडचा बाप क्लबसाठी फुकटात सॉसेज भाजत होता. नरेल आपल्याकडं बघतेय असं वाटून त्यानं चिमटा हलवला आणि कांदा घालू का, असं खुणेनंच विचारलं.

"तिघंही बाद," ती मर्वला म्हणाली. "जेड, ब्रोडी, लॉकी. कर्ण्यावरून नावं घेऊन सांग. आणि आता राहिलेल्या प्रत्येकाची पाठ तिथं वर तपास, तोवर एकालाही सोडू नकोस."

कर्ण्यावरून नावं ऐकू आली तशी टपरीपुढची माणसं वळून नरेलकडं बघू लागली. कुणीतरी हसलं, कुणीतरी शिवी घातली. जेडचा बाप चिमटा खाली ठेवून तिच्याकडं येऊ लागला आणि अर्ध्यावरच थांबला.

ट्रक खाली आला. आधी जेड उतरला आणि ब्रोडीकडं न बघता बापाकडं निघून गेला. ब्रोडी सगळ्यांच्या मागून उतरला. सायकलवरचा नंबर त्यानं ओरबाडून काढला होता. तो त्यानं नरेलच्या टेबलावर आपटला. वर मर्वच्या शेजारीच तो उभा होता. दोघांचं सगळं बोलणं त्यानं ऐकलं होतं.

"मी घालायला तयार होतो," तो म्हणाला. रागानं त्याचा आवाज फाटला होता. "मर्व सांभाळून घेत होता. आई आहेस ना तू माझी?"

नरेलनं टेबलावरचा नंबर सरळ करून बाजूला ठेवला.

"नुसती आई असते ना ब्रोडी," ती म्हणाली, "तर एकट्या तुझ्याच अंगावर कवच चढवू दिलं असतं."