व्यासपीठावरचा नळ

"ड्रम कुठूनही दिसता कामा नये," कार्यकर्ता म्हणाला.

प्लंबरने मान डोलावली. व्यासपीठाच्या मागे लाकडी मचाण होतं. त्यावर पाण्याने भरलेला निळा ड्रम आणि त्याच्याभोवती पक्षाच्या झेंड्याचं कापड. ड्रमातून निघालेला पाइप कापडाखालून पुढे येत होता आणि साहेबांच्या खुर्चीजवळ एका चकचकीत नळात संपत होता. भाषण झालं की साहेब तो नळ सोडणार आणि टेकडीवरच्या वस्तीला कळणार, घरोघरी पाणी म्हणजे काय असतं. खरी पाइपलाइन टेकडीच्या पायथ्याशीच थांबली होती. वर टँकर यायचा, तोही त्याच्या मर्जीने, आणि बायका कॅन उचलून घरी न्यायच्या.

साहेब वस्तीला नवे नव्हते. मागच्या निवडणुकीत दुसऱ्या पक्षातून त्यांनी इथे रस्ता दिला होता. रस्ता अजून यायचाय. साहेबांचा पक्ष मात्र बदलून झाला. त्याच्या आधी दवाखाना दिला होता. देण्याच्या बाबतीत गडी कधी मागे हटला नाही.

प्लंबर मनातल्या मनात हसत होता. या लोकांवर विश्वास ठेवतो कोण? शेंबडं पोरसुद्धा ठेवत नाही. लोक येतात, फुकटच्या खुर्चीवर बसतात, टाळ्या पिटतात, घरी जातात. मग पाणी ड्रमातलं असलं काय आणि धरणातलं असलं काय, कुणाचं काय बिघडतंय? ड्रमाचं त्याने घरीही सांगितलं नव्हतं. त्यात सांगण्यासारखं काय, सगळ्यांना कळतंच की! तरी हाताची खोड जाईना. त्याने प्रत्येक आट्यावर टेप नीट गुंडाळली, पाइपला पट्ट्या ठोकल्या, नळ किंचित तिरका वाटला म्हणून उघडून पुन्हा बसवला.

कार्यकर्ता वैतागला. "अरे, तासाभराचं काम आहे. घरचं कार्य असल्यासारखं काय करतोयस?"

"गळका नळ आजवर माझ्या हातून बसलेला नाही," प्लंबर म्हणाला. "तुमच्यासाठी कशाला नाव घालवू?"

त्याचं अर्धं लक्ष घराकडे होतं. बायकोचं पोटाचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, भरलेला कॅन सोडाच, अर्धी बादलीसुद्धा उचलायची नाही. टाके आतून सुटले तर जिवावर बेतेल. पण ती ऐकते कुठे? हा कामावर गेला की उचलायचीच. खाली पायथ्याशी तिच्या भावाच्या घरात एक खोली रिकामी होती आणि त्या खोलीत नळ होता. मेव्हण्याने स्पष्ट सांगितलं होतं, आज संध्याकाळपर्यंत काय ते कळवा, दुसरं बिऱ्हाड दारात उभं आहे. मेव्हण्याच्या छपराखाली राहायचं प्लंबरच्या अगदी जिवावर आलं होतं, पण शेवटी तो हो म्हणाला. सभा आटोपली की बायको खाली जाऊन भावाला सांगणार होती. भांडीकुंडी बांधून तयार होती.

साहेब आले, बोलले. आयाबहिणींचे कष्ट आठवून त्यांचा गळा दाटून आला. तो मोकळा करायला ते बाटलीतलं पाणी प्यायले. मग त्यांनी नळ सोडला. काय धार होती! जाड, स्वच्छ, जोडावर एक थेंब नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला. पण बायका साहेबांकडे बघतच नव्हत्या. त्या माना उंचावून बाजूला उभ्या असलेल्या प्लंबरकडे बघत होत्या. ड्रम उघडा पडला की काय, म्हणून त्याने घाईघाईने कापड सारखं केलं.

सभा पांगली तशी शेजारची मावशी त्याच्यापाशी आली.

"जोडणी तूच केलीस ना रे?"

"हो मावशी. का?"

"काही नाही. बरं झालं," म्हणाली आणि निघून गेली. प्लंबर सुखावला. चला, कामाची कदर आहे लोकांना. मैदान रिकामं झाल्यावर त्याने नळ उतरवला, ड्रम ओतून दिला. कार्यकर्त्याने नळ पिशवीत टाकला. उद्याची सभा पलीकडच्या वस्तीत होती.

तो घरी आला आणि दारातच थबकला. बांधलेली बोचकी सुटली होती. भांडी परत फळीवर चढली होती. बायको गुणगुणत डबे पुसत होती.

"अगं, हे काय? भावाला सांगितलंस ना?"

"सांगितलं की. म्हटलं, दे खोली त्या लोकांना. त्याने माझ्यासमोरच किल्ली दिली त्यांना. उगाच कशाला दुसऱ्याच्या दारात राहायचं? तुम्हाला किती जड जात होतं, मला काय कळत नाही?"

प्लंबरच्या तोंडचं पाणी पळालं. मग तो भडकलाच.

"डोकं फिरलंय का तुझं? इतकी वर्षं बघतेस त्याला! रस्त्याचं काय झालं, दवाखान्याचं काय झालं? आणि तू त्या थापाड्यावर विश्वास ठेवलास?"

बायकोने हातातला डबा खाली ठेवला. वेड लागलेल्या माणसाकडे बघावं तसं तिने त्याच्याकडे पाहिलं.

"त्याच्यावर कोण ठेवतंय? त्याला इथे काळं कुत्रं विचारत नाही," ती म्हणाली. "पण यंदा अख्खी वस्ती त्याला मत देणार आहे. सगळ्याजणी म्हणाल्या, तो मेला काय वाटेल ते बोलू दे, नळ तर तुम्ही बसवलाय ना!"